सर्व्हर पिंग होतो, पण काम अडतं. दुरुस्त केलं तरी रीबूटनंतर पुन्हा तेच

सर्व्हर पिंग होतो, म्हणजे छोट्या चाचणी-पॅकेटला उत्तर देतो. एसएसएचने दूरवरून लॉगिन करायला गेलं की मात्र पासवर्ड विचारण्याआधीच सगळं गोठतं. लहान फाइल जाते, मोठी फाइल सुरू होते आणि मध्येच अडकून बसते. कुणीतरी इंटरफेस खाली-वर करतं, काम सुरळीत होतं, तक्रारीचं तिकीट बंद होतं. काही आठवड्यांनी कर्नल अपडेटसाठी रीबूट होतो आणि तेच तिकीट नव्या क्रमांकाने परत येतं.

एका बाजूला लिनक्स सर्व्हर आणि दुसऱ्या बाजूला सॉनिकसारखी मुक्तस्रोत प्रणाली चालवणारा स्विच, अशी रचना आता बऱ्याच ठिकाणी दिसते. सॉनिक मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये खुलं केलं, २०२२ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनकडे गेलं, आणि त्याच्या पोटात डेबियनच आहे. त्यामुळे दोन्ही टोकांना ओळखीचं शेल मिळतं, ओळखीच्या आज्ञा चालतात. ही मोठी सोय आहे. पण सर्व्हरवरची सवय तशीच स्विचवर नेली की बदल झाल्यासारखा दिसतो आणि टिकत मात्र नाही.

असा परतणारा बिघाड एक नसतो, दोन असतात. पहिला वाहतूक अडवतो. दुसरा त्या पहिल्याला परत आणतो. आपण घाईत फक्त पहिला शोधतो, कारण वापरकर्ते ओरडत असतात ते त्याच्याबद्दल. दुसरा तसाच राहतो आणि पुढच्या रीबूटची वाट बघतो. खाली दोन्ही शोधायची पद्धत सांगतो. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्याच स्पेलिंगने द्यायच्या.

आधी तीन प्रश्न

टर्मिनल उघडण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा. अडचण सगळ्या क्लायंटना आहे की काहींनाच? लहान पॅकेट जातात आणि मोठी अडतात का? आणि बिघाड कशानंतर सुरू झाला: सर्व्हरच्या रीबूटनंतर, स्विचच्या रीबूटनंतर, की नवी केबल, नवं कार्ड, नवा कंटेनर आल्यानंतर?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘काहींनाच’ असेल तर बाँडकडे, म्हणजे एकत्र बांधलेल्या तारांकडे, बघा. दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर एमटीयूकडे, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराकडे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा चुकीचं मिळतं, म्हणून ते लोकांना विचारू नका, लॉगमधून काढा. सर्व्हरवर ‘लास्ट रीबूट’ ही आज्ञा, स्विचवर ‘शो रीबूट-कॉज’ आणि दोन्हीकडे ‘अपटाइम’. दोन उपकरणं एकाच देखभालीच्या रात्री रीबूट होत असतील तर दोष नेहमी सर्व्हरच्या माथी जातो, कारण माणसं सर्व्हर वापरतात. स्विच कुणाला दिसत नाही.

मोठं पॅकेट अडतं तेव्हा

साधा पिंग लिनक्सवर ५६ बाइटचा मजकूर पाठवतो. त्यावर ८ बाइट आयसीएमपीचे (नेटवर्कचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) आणि २० बाइट आयपीचे धरले तर ८४ बाइटचं पॅकेट होतं. ते पोचलं म्हणजे ८४ बाइटचं पॅकेट पोचलं, एवढंच सिद्ध होतं. खरी चाचणी आकार देऊन आणि तुकडे करायला मनाई करून घ्यायची: ‘पिंग -एम डू -एस १४७२’ आणि पुढे पत्ता. यातला एम मोठ्या लिपीतला, एस लहान. १४७२ मध्ये २८ मिळवले की १५०० होतात. जंबो फ्रेम म्हणजे ९००० चा एमटीयू ठेवला असेल तर ८९७२ द्या.

इथे तीन प्रकारची उत्तरं मिळू शकतात आणि तिघांचे अर्थ वेगळे आहेत. ‘मेसेज टू लाँग’ असं लगेच आलं तर आपल्याच सर्व्हरचा इंटरफेस लहान आहे. पॅकेट बाहेर पडलंच नाही. मधल्या एखाद्या पत्त्याकडून ‘फ्रॅग नीडेड’ आलं तर वाटेतल्या राउटरने प्रामाणिकपणे आपली मर्यादा कळवली आहे. आणि नुसती शांतता असेल तर वाटेत कुणीतरी पॅकेट गिळलं आहे. ही शांतता सर्वांत वाईट, आणि आपल्या तिकिटात बहुधा तीच असते.

शांतता का होते हे समजून घेण्यासारखं आहे. मार्गावरचा सर्वांत लहान एमटीयू शोधण्याची पद्धत आरएफसी ११९१ या मानकात १९९० साली ठरली, आणि ती राउटरने आयसीएमपीचा प्रकार ३, कोड ४ असा निरोप पाठवण्यावर उभी आहे. पण दोन सर्व्हर एकाच व्हीलॅनमध्ये, म्हणजे स्विचवरच्या एकाच आभासी नेटवर्कमध्ये, असतील तर मध्ये राउटरच नाही. स्विच दुसऱ्या स्तरावर काम करतो. त्याला मोठी फ्रेम पेलली नाही तर तो ती टाकून देतो आणि कुणालाही काही कळवत नाही. खूण राहते ती फक्त पोर्टच्या मोजणीत. शिवाय कुणी सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलवर सगळंच आयसीएमपी बंद केलं असेल तर राउटरचा निरोपही वाटेतच मरतो. आयसीएमपी सरसकट बंद करू नका. हे मी कळकळीने सांगतो, कारण या एका नियमामुळे लोकांच्या कितीतरी रात्री गेल्या आहेत.

मग टीसीपीचा हँडशेक (जोडणीची सुरुवात) कसा होतो? कारण सुरुवातीची पॅकेट लहान असतात. दोन्ही बाजू आपापला एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या मजकुराची मर्यादा, सांगतात आणि लहान असेल तो वापरला जातो. एका सर्व्हरवर ९००० आणि दुसऱ्यावर १५०० असेल तर टीसीपी १४६० वर जुळवून घेतं आणि काहीच तुटत नाही. दोन्ही सर्व्हर ९००० वर आणि मधला स्विच १५०० वर असेल तेव्हा मात्र दोघांनाही वाटतं की रस्ता रुंद आहे. हँडशेक होतो, पहिलं मोठं पॅकेट निघतं आणि नाहीसं होतं. एसएसएच ‘की एक्स्चेंज’च्या, म्हणजे किल्ल्यांच्या देवाणघेवाणीच्या, टप्प्यावर गोठतं ते याच ठिकाणी. ‘एसएसएच -व्ही’ दिलंत तर शेवटची ओळ तीच असेल.

आकड्यांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण चुका इथेच होतात. सॉनिकमध्ये पोर्टचा मूळ एमटीयू ९१०० असतो, त्यामुळे सर्व्हरवर ९००० ठेवलेलं आरामात बसतं. व्हीएक्सलॅनचं (एका नेटवर्कमधून दुसरं आभासी नेटवर्क नेण्याच्या पद्धतीचं) आवरण आयपीव्ही४ वर ५० बाइट खातं: आतलं इथरनेट १४, आयपी २०, यूडीपी ८ आणि व्हीएक्सलॅन ८. म्हणून खालचा रस्ता १५०० चा असेल तर आतल्या कंटेनरला १४५० च्या वर जाता येत नाही. कंटेनरच्या आतून मोठं डाउनलोड अडतं आणि यजमान सर्व्हरवरून तेच व्यवस्थित होतं, असं दिसलं की हा हिशोब आधी तपासा.

लिनक्सच्या दोन सवयी इथे खूप गोंधळ घालतात. ब्रिजचा, म्हणजे लिनक्समधल्या आभासी स्विचचा, एमटीयू हाताने ठरवून दिला नसेल तर तो आपल्या सर्वांत लहान सदस्याचा एमटीयू घेतो. ९००० च्या ब्रिजला १५०० चा एक आभासी मशीनचा इंटरफेस जोडला की सगळा ब्रिज १५०० वर येतो. म्हणजे रीबूट न होताही, केवळ एखादं मशीन सुरू झालं म्हणून चित्र बदलतं. दुसरी सवय व्हीलॅनची. मूळ इंटरफेसचा एमटीयू खाली आणला की त्यावरच्या व्हीलॅन इंटरफेसचाही खाली येतो. मूळ पुन्हा वर नेला तरी व्हीलॅन आपोआप वर जात नाही. ‘एमटीयू कमी करून बघू’ असा प्रयोग करून परत ९००० केलं तरी व्हीलॅन १५०० वरच अडकून राहतो. काही तुटत नाही, टीसीपी १४६० वर चालत राहतं, पण वेग पडतो आणि कारण कुणालाच सापडत नाही. म्हणून ‘आयपी लिंक’ बघताना बाँड, ब्रिज, व्हीलॅन आणि खालचे पोर्ट या सगळ्या थरांचे आकडे एकाखाली एक लिहा.

काही क्लायंट चालतात, काही चालत नाहीत

हे लक्षण दिसलं की माझा हात आधी बाँडकडे जातो. एलएसीपी म्हणजे दोन्ही टोकांनी संदेश पाठवून तारा एकत्र बांधण्याचा प्रोटोकॉल. त्याच्या बाँडमध्ये प्रत्येक प्रवाह हॅश, म्हणजे पत्त्यांवरून एक आकडा, काढून एकाच तारेवर पाठवला जातो. दोनपैकी एक तार जिवंत दिसते पण माल पोचवत नाही, असं झालं की साधारण निम्मे प्रवाह मरतात. एकाला सर्व्हर दिसतो, शेजारच्याला दिसत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

सर्व्हरवर प्रॉकमधल्या नेट डिरेक्टरीत बाँडिंग नावाखाली प्रत्येक बाँडची फाइल असते. ती ‘कॅट’ करून वाचा. दोन ओळी नीट बघा. ॲग्रीगेटर आयडी दोन्ही तारांचा सारखा हवा. पार्टनर मॅक ॲड्रेस सगळी शून्यं असेल तर समोरून एलएसीपीचा एकही संदेश आलेला नाही: स्विचवर पोर्टचॅनल (बाँडचं तिथलं रूप) बनलेलं नाही किंवा हा पोर्ट त्यात घातलेला नाही. अशा वेळी लिनक्स एक तार निवडून काम चालू ठेवतो. म्हणून महिनोन्महिने सगळं ठीक वाटतं आणि नेमकी ती तार काढली की सर्व्हर गायब होतो.

दोन्ही तारांचे पार्टनर वेगवेगळे दिसत असतील तर त्या दोन वेगळ्या स्विचमध्ये गेल्या आहेत आणि त्या स्विचमध्ये आपसांत एमसीलॅगसारखी जोडी बांधलेली नाही. कुठली तार कुठे गेली हे लेबलवर विश्वास ठेवून ठरवू नका. दोन्ही टोकांना एलएलडीपी चालू ठेवा. साधारण दर ३० सेकंदांनी उपकरण आपलं नाव आणि पोर्ट सांगतं. सर्व्हरवर ‘एलएलडीपीसीटीएल’, सॉनिकवर ‘शो एलएलडीपी टेबल’. लेबल चुकलेलं असू शकतं, पण ही माहिती तारेतूनच आलेली असते.

स्विचवर ‘शो इंटरफेसेस पोर्टचॅनल’ दिलं की प्रत्येक सदस्य पोर्टपुढे कंसात अक्षर दिसतं. एस म्हणजे निवडलेला, डी म्हणजे वगळलेला. डी दिसला तर एलएसीपीचं जमलेलं नाही. वेळेचा हिशोबही ध्यानात असू द्या: संथ दरात संदेश ३० सेकंदांनी जातो आणि तीन चुकले की, म्हणजे ९० सेकंदांनी, तार वगळली जाते. जलद दरात हेच १ आणि ३ सेकंद. तार माल पोचवेनाशी झाल्यावर दीड मिनिट काही क्लायंट अडकून आपोआप सुटत असतील तर दर संथ आहे. पोर्टचा दिवा गेला नाही, पण मधलं एखादं उपकरण मेलं, अशा वेळी हा फरक प्रकर्षाने जाणवतो.

सॉनिकच्या पोर्टचॅनलला फॉलबॅकची सोय आहे. नवा सर्व्हर नेटवर्कवरून इन्स्टॉल होत असताना त्याच्याकडे बाँड नसतो. फॉलबॅक असेल तर एलएसीपीशिवायही एक पोर्ट चालतो. सोय चांगली, पण इन्स्टॉल झाल्यावर ती तशीच ठेवली तर चुकीचा बाँडही चालल्यासारखा दिसतो. मी ती काम झालं की काढतो.

आणि हॅश. लिनक्स बाँडचं मूळ धोरण दुसऱ्या स्तराचं, म्हणजे मॅक पत्त्यांवरचं असतं. सगळी वाहतूक एकाच गेटवेकडे जात असेल तर मॅक पत्ता एकच, म्हणून तारही एकच. दुसरी तार रिकामी दिसली तर ती बिघडली आहे असं लगेच समजू नका. धोरण ‘लेयर ३+४’ करा, मग एकाच वेळी बरेच प्रवाह चालवून ‘आयपी -एस लिंक’ मध्ये दोन्ही तारांचे आकडे वाढतात का ते पाहा.

तार स्वतःच खराब आहे का हे ‘इथटूल -एस’ मधल्या सीआरसी चुकांवरून, म्हणजे वाटेत बिघडलेल्या फ्रेमच्या मोजणीवरून, कळतं. इथला एस मोठा. एकूण आकड्यापेक्षा तो वाढतोय का हे बघा: दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा घ्या. २५ गिगाबिट आणि त्यावरच्या वेगांवर आणखी एक गोष्ट असते, एफईसी, म्हणजे तारेवरच्या चुका दुरुस्त करण्याची सोय. एका टोकाला आरएस प्रकारची एफईसी, दुसऱ्या टोकाला बंद, असं असेल तर मॉड्यूल ओळखलं जातं, प्रकाश पोचतो आणि लिंक मात्र उठत नाही. सर्व्हरवर ‘इथटूल’ला ‘शो-एफईसी’ विचारा, स्विचवर ‘शो इंटरफेसेस स्टेटस’ मध्ये एफईसीचा रकाना बघा. ड्रायव्हर किंवा फर्मवेअर बदलल्यावर स्वयंचलित निवड बदलू शकते, म्हणून मी दोन्ही टोकांना एफईसी स्पष्ट लिहून ठेवतो.

व्हीलॅन, आणि स्विचवरच्या टीसीपीडंपची दिशाभूल

व्हीलॅनचा प्रश्न सरळ असतो: फ्रेम टॅग (व्हीलॅनचा क्रमांक) घेऊन निघाली का, आणि समोरच्याने ती टॅगसह स्वीकारली का? सर्व्हरवर पॅकेट पकडून दाखवणारं ‘टीसीपीडंप -ई -एनएन’ लावून टॅग बघा, स्विचवर ‘शो व्हीलॅन ब्रीफ’. पोर्ट टॅग्ड हवा तिथे अनटॅग्ड असेल, तर सर्व्हरला दुसऱ्याच नेटवर्कचा डीएचसीपी पत्ता मिळू शकतो, आणि हे बघून बरेच जण डीएचसीपी सर्व्हर तपासत बसतात. लिनक्सच्या ब्रिजवर तर व्हीलॅन गाळणी मुळात बंद असते. ती चालू केल्याशिवाय ‘ब्रिज व्हीलॅन शो’ मधले नियम लागू होत नाहीत.

पण या भागात सांगायची खरी गोष्ट वेगळी आहे. स्विचवर लिनक्स दिसतं म्हणून लोक तिथेही टीसीपीडंप लावतात, काहीच दिसत नाही, आणि ‘पॅकेट स्विचपर्यंत आलंच नाही’ असा निष्कर्ष काढतात. तो चूक आहे. एका पोर्टमधून दुसऱ्यात जाणारी वाहतूक एसिक चिपमध्येच वळते. ती सीपीयूपर्यंत येत नाही. टीसीपीडंपला फक्त स्विचसाठी आलेली पॅकेट दिसतात: एलएसीपी, एलएलडीपी, एआरपी, बीजीपी (मार्ग कळवणारा प्रोटोकॉल), स्विचच्याच पत्त्याचा पिंग. जाणाऱ्या वाहतुकीसाठी मोजणी वापरा. ‘शो इंटरफेसेस काउंटर्स’ आधी शून्य करून घ्या, सर्व्हरवरून मोजून हजार पॅकेट पाठवा, आणि येणाऱ्या पोर्टवर, जाणाऱ्या पोर्टवर आणि गळतीच्या रकान्यात आकडे बघा. ती हजार पॅकेट कुठल्यातरी रकान्यात सापडतातच.

याच कारणाने कर्नलमध्ये मार्ग दिसतो म्हणजे चिपमध्येही तो आहे, असं धरून चालू नका. सॉनिकमध्ये माहिती रेडिस या मेमरीतल्या साठ्याच्या वेगवेगळ्या डेटाबेसमधून खाली उतरते आणि शेवटी चिपमध्ये लिहिली जाते. स्विचवरून पिंग होतो, पण स्विचमधून पलीकडे काही जात नाही, अशा वेळी हा शेवटचा टप्पा संशयित असतो.

दोन छोटे संशयित

सर्व्हरला दोन नेटवर्कमध्ये पाय असतील आणि एका बाजूने आलेल्या विनंतीचं उत्तर दुसऱ्या बाजूने जात असेल, तर आरपी फिल्टर (उत्तराची वाट तीच आहे का हे तपासणारी गाळणी) १ वर असताना कर्नल आलेलं पॅकेट निमूट टाकतो. ‘एनस्टॅट -एझेड’ मध्ये रिव्हर्स पाथ फिल्टरचा आकडा वाढतोय का बघा. ‘ऑल’ आणि त्या इंटरफेसची किंमत यांतली मोठी असेल ती लागू होते, म्हणून एका ठिकाणी ० करून भागत नाही.

दुसरा डॉकर, म्हणजे कंटेनर चालवणारी प्रणाली. आभासी मशीनच्या यजमानावर डॉकर आला की फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीचं धोरण ‘ड्रॉप’ होतं. त्यातच बीआर-नेटफिल्टर मॉड्यूल लोड झालं की ब्रिजमधली वाहतूकही आयपीटेबल्स या फायरवॉलमधून जायला लागते, आणि मशीनचं नेटवर्क बंद पडतं. यावर लोक सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या किमती ठरवणाऱ्या, फाइलमध्ये ‘ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स’ शून्य लिहितात. पण बूटच्या वेळी ती फाइल वाचली जाते तेव्हा मॉड्यूल लोडच झालेलं नसतं, त्यामुळे ती कळच अस्तित्वात नसते. नंतर डॉकर मॉड्यूल आणतो आणि किंमत पुन्हा १ होते. मॉड्यूलचं नाव मॉड्यूल्स-लोड डिरेक्टरीतल्या फाइलमध्ये घाला. मग ते आधी लोड होतं आणि सिसकंट्रोलची ओळ लागू होते.

आता दुसरा बिघाड: तो परत का येतो

वाहतूक सुरू झाली की इथेच थांबायचा मोह होतो. थांबू नका. आता विचारायचं: जी किंमत मी बदलली, ती कुणी लिहिली होती, आणि पुढच्या वेळी कोण लिहिणार आहे?

सॉनिकवर ‘कन्फिग’ने सुरू होणारी आज्ञा रेडिसमधल्या कन्फिग डेटाबेसमध्ये, म्हणजे क्रमांक ४ च्या डेटाबेसमध्ये बदल करते. डिस्कवरच्या कन्फिग-डीबी जेसन फाइलला ती हात लावत नाही. त्यासाठी ‘कन्फिग सेव्ह’ वेगळं द्यावं लागतं. ते राहिलं की स्विच रीबूट झाल्यावर जुनी फाइल वाचतो आणि जुना बिघाड जसाच्या तसा उभा राहतो. उलटा सापळाही आहे: कुणी फाइल हाताने दुरुस्त करतं, ‘कन्फिग रीलोड’ देत नाही, आणि नंतर दुसरं कुणीतरी वेगळ्याच कामासाठी ‘कन्फिग सेव्ह’ देतं. चालू असलेलं जुनं चित्र फाइलवर लिहिलं जातं आणि पहिल्याची मेहनत पुसली जाते. आणि स्विचवर थेट ‘आयपी लिंक सेट’ वापरलंत, तर कर्नलमध्ये बदल दिसतो, पण डेटाबेसला त्याचा पत्ताच नसतो. बघण्यासाठी लिनक्सच्या आज्ञा जरूर वापरा; बदलण्यासाठी सॉनिकच्याच वापरा. बीजीपीसाठी व्हीटीवायशेल या राउटिंगच्या शेलमध्ये केलेले बदलही राउटिंगचा कोणता मोड ठेवला आहे त्यावर टिकतात किंवा उडतात: सेपरेटेड मोडमध्ये बीजीपीचा कंटेनर सुरू होताना आपली फाइल कन्फिग डेटाबेसवरून नव्याने बनवतो.

सर्व्हरवर मालकांची गर्दी जास्त. उबंटूवर नेटवर्कची मांडणी करणारा नेटप्लॅन आपल्या डिरेक्टरीतल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचून एकत्र करतो, आणि नंतरची फाइल आधीचीवर मात करते. बूटच्या वेळी सर्व्हरची सुरुवातीची मांडणी करणाऱ्या क्लाउड-इनिटने बनवलेली ५० क्रमांकाची फाइल तुम्ही हाताने बदललीत तर तो ती पुन्हा लिहू शकतो. क्लाउड-इनिटच्या कॉन्फिगरेशनमध्ये नेटवर्क ‘डिसेबल्ड’ लिहा आणि आपली फाइल वेगळ्या नावाने ठेवा. नेटवर्कमॅनेजर आणि सिस्टमडी-नेटवर्कडी हे इंटरफेस सांभाळणारे दोन्ही प्रोग्राम चालू असतील तर ‘नेटवर्कसीटीएल’ आणि ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ शेजारी शेजारी चालवा. प्रत्येक इंटरफेस एकाकडे ‘अनमॅनेज्ड’ दिसायला हवा. दोघांकडेही सांभाळला जात असेल तर कारण सापडलं.

नावांचा प्रश्न वेगळाच. इंटरफेसची नावं स्लॉटवरून ठरतात, म्हणून नवं कार्ड घातलं की जुन्याचं नाव बदलू शकतं आणि बाँडला आपला सदस्य सापडत नाही. उपाय म्हणून लोक मॅक पत्त्यावरून ओळख पटवतात. तेही अर्धवट केलं तर फसतं, कारण बाँडमध्ये गेलेले पोर्ट बाँडचा मॅक घेतात आणि व्हीलॅन आपल्या मूळ इंटरफेसचा. एकच पत्ता तीन-चार इंटरफेसवर दिसतो आणि नियम भलत्यालाच लागतो, कधी या बूटला, कधी त्या. ‘इथटूल -पी’ने कार्डाचा कायमचा पत्ता काढा, पी मोठा, आणि सिस्टमडीच्या नियमात ‘परमनंट मॅक ॲड्रेस’ हीच कळ वापरा.

हे दोन बिघाड एकत्र कसे नांदतात याचं एक उदाहरण माझ्या समोरचं. साठवणुकीच्या दोन सर्व्हरवर ९००० चा एमटीयू नेटप्लॅनमध्ये नीट लिहिलेला होता. स्विचच्या जतन केलेल्या फाइलमध्ये त्या पोर्टचा एमटीयू १५०० होता. कधीतरी कुणी चालू अवस्थेत तो ९१०० केला, सेव्ह राहिलं. देखभालीच्या रात्री स्विच आणि सर्व्हर दोन्ही रीबूट झाले आणि एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाणारी माहितीची प्रतिकृती थांबली. ज्याची पाळी होती त्याने सर्व्हरवर ‘आयपी लिंक सेट’ने १५०० केलं, काम सुरू झालं, तिकीट बंद. पुढच्या रीबूटला नेटप्लॅनने पुन्हा ९००० आणलं आणि प्रतिकृती पुन्हा थांबली. दोन्ही टोकांना कुणीतरी दुरुस्ती केली होती आणि दोन्ही दुरुस्त्या फक्त मेमरीत होत्या. सगळे सर्व्हरकडे बघत होते, कारण तिकिटावर सर्व्हरचं नाव होतं. स्विचच्या पोर्टवरची गळती बघायला एक मिनिट लागलं. पण ती बघायचं सुचायला तिसरं तिकीट यावं लागलं.

बदल करताना दोर हातात ठेवा

दूरवरून काम करत असाल तर सॉनिकवर न केलेला सेव्ह हाच तुमचा दोर आहे. बदल करा, तपासा, मगच सेव्ह करा. तुटलंच तर रीबूट जुन्या फाइलवर परत नेतो. सर्व्हरवर ‘नेटप्लॅन ट्राय’ १२० सेकंदांत होकार मिळाला नाही तर बदल मागे घेतो. पण बाँड आणि ब्रिजच्या खास किमती तो मागे घेऊ शकत नाही, तेव्हा त्या बदलाआधी सर्व्हरच्या कन्सोलवर वेगळ्या मार्गाने पोचता येतं का हे पाहून घ्या. एका वेळी एकच बदल. दोन एकदम केले आणि काम सुरू झालं, तर कशाने झालं हे कळत नाही.

मग रीबूटची चाचणी, आणि ती तुम्ही जागे असताना, ठरवून. आधी सर्व्हरवर ‘आयपी -डी लिंक’, ‘आयपी ॲड्रेस’, ‘आयपी रूट’, ‘ब्रिज व्हीलॅन शो’, बाँडिंगची फाइल आणि प्रत्येक पोर्टचं ‘इथटूल’ असं सगळं तारखेच्या डिरेक्टरीत साठवा. स्विचवर ‘शो रनिंगकॉन्फिगरेशन ऑल’ साठवून ते जतन केलेल्या जेसन फाइलशी ‘डिफ’ने ताडून पाहा, क्रम वेगळा असू शकतो, म्हणून आधी दोन्ही कळींच्या क्रमाने लावून घ्या. आता आधी स्विच रीबूट करा आणि १४७२ किंवा ८९७२ चा पिंग द्या. तो गेला की सर्व्हर रीबूट करा आणि पुन्हा द्या. दोन्ही एकदम करू नका, नाहीतर बिघाड कुठल्या टोकाने आणला हे पुन्हा लपेल. शेवटी तीच सगळी आज्ञावली परत चालवून जुन्या डिरेक्टरीशी ‘डिफ’ करा. पॅकेटची मोजणी आणि पत्त्यांच्या मुदती सोडल्या तर फरक शून्य यायला हवा. एखादी ओळ वेगळी आली, तर ती ओळ कोण लिहितं ते शोधा. ते सापडेपर्यंत तिकीट उघडंच ठेवा.